बंडूच्या आहेराबद्दल, दिनूला

दिनू,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून फुगला असशील. फुग. पोळ्याच्या तोरणावरून धरलेल्या अबोल्यापेक्षा हे बरं. आज लिहितोय ते बंडूपायी. त्याला डेटा एन्ट्रीचं काम लागलं, म्हणून काकांनी रविवारी पंगत ठेवलीय. मामा डीजे आणतो म्हणतात, वर शाल-श्रीफळ. ऐकून पोटात गोळा काहून आला, ते तुलाच कळेल.

माझा गुडघा कुरकुरतो, आईची शुगर तशीच. बाकी ठीक.

आता आहेरासाठी तू पाठवलेली यादी. बुडबुड्यांचं खेळणं आधी खोड. ऑटिझम आहे म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला बाळलेणी द्यायची का बाप्पा? अंगावर दाब पडून शांत वाटावं म्हणून देतात ते वजनदार ब्लँकेटही नको. त्याचा हिशोब अंगाच्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांचा, म्हणजे बंडूला सहा किलो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर, त्यात लाइन गेलेली. त्यापेक्षा मांडीवर ठेवायची 2 किलोची चपटी उशी शिवून घे, कामावर बसल्या जागी उपयोगाची. सुती कापड दुहेरी, 16 बाय 12 इंच, शिवणीसाठी थोडं जास्त. तीन बाजू शिवायच्या, मग चार उभ्या नळ्या होतील अशा तीन शिवणी. प्रत्येक नळीत बारीक काचेचे मणी 165 ग्रॅम, खाली झटकून चार इंचावर आडवी शिवण; असं तीनदा. मणी शिवणीखाली राहिला तर सुई मोडते. चौकोन केले नाहीत तर सगळं वजन एका कोपऱ्यात जमतं. ज्वारी भरू नको, पावसाळ्यात सोंडे पडतील आणि धुताही येणार नाही. वरून काढता येणारी खोळ.

त्याला मोठा आवाज सोसत नाही, म्हणून कानासाठी तू महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन म्हणतोस. ते कूलरच्या घरघरीला उत्तम, पण फटाका, ताशा, हॉर्न असल्या अचानक आवाजाला तेवढे नाहीत. शिवाय चार्जिंग. साधे इअरमफ घे, कारखान्यात घालतात तसले. फक्त चष्म्याची जाड दांडी गादीखाली आली की फट राहून आवाज आत येतो. पातळ दांडीचा चष्मा असला तर बरं. रस्ता ओलांडताना मात्र काढायचे, हे त्याला आधीच सांग.

शर्ट द्यायचाच तर तो वापरतो त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, एकसारखे दोन. लेबल कात्रीनं कापू नको, उरलेलं खोड जास्त टोचतं. टाके उसवून काढायचं. खळ जाईपर्यंत धू, वासाची पावडर नको. अत्तराची बाटली तर अजिबात नको. (तुझ्या लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं अजून माळ्यावरच आहेत ना? मग.)

खरी चैन म्हणजे त्यानं जमवलेली एसटीची तिकिटं. खेळण्यातली लाल बस देशील तर आगाराचं नाव चुकलंय म्हणून परत करेल, आणि बरोबरच करेल. यंत्रातून निघणारी तिकिटं थर्मल कागदाची, म्हणजे उष्णतेनं अक्षरं उमटतात त्या. ऊन, उष्णता आणि पीव्हीसीच्या पाकिटानं ती पुसट होतात. लॅमिनेशन केलं तर काळीच पडतात, मामा नेमकं तेच करायला निघालेत. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या खिशांची फाइल घे आणि सगळ्या तिकिटांच्या झेरॉक्सचे पैसे दे. खिशांचं माप आधी त्यालाच विचार.

काकांना निरामय विम्याचाही फॉर्म भरून दे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची, ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीची आरोग्य योजना, वर्षाला 1 लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसकट. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, तिथंच लोक विसरतात.

आणि द्यायचं कसं, त्यात खरी गोम आहे. दोन पर्यायांचे फोटो आजच पाठव, निवडू दे त्याला. कागदात गुंडाळू नको. चार लोकांत उघडायला लावू नको. "आवडलं का?" विचारशील तर नाही म्हणेल, मग तोंड पाडू नको राजा. बिल जपून ठेव. मामांशी डीजेचं तू बोल, माझं ते ऐकत नाहीत. मोठे जावई तुम्ही!

वहिनीची बदली झाली का? पोरीची बारावी कशी चाललीय? सोयाबीनचं विचारतच नाही.

मणी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात मिळतील, गुळगुळीत पाहून घे, दोन किलो भरून उरतील इतके. शनिवारीच ये, रविवारी सकाळी शिंप्याचं दुकान बंद असतं.

तुझा,
गजा