चाचणीआधी खरे सांगा

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रांच्या जाहिरातींत ‘उत्तम स्त्रीबीजाची निवड’ असे वाचले की काळजी वाटते. स्त्रीबीजाभोवती क्युम्युलस पेशींचे चिकट, कापसासारखे आवरण असते. इक्सीपूर्वी, म्हणजे स्त्रीबीजात सुईने थेट शुक्राणू सोडण्यापूर्वी, ते सोलून काढतात आणि बहुधा टाकूनच देतात. याच पेशींतील एचएएस२, पीटीजीएस२ आणि ग्रेम१ या जनुकांची सक्रियता पुढे तयार होणाऱ्या गर्भाच्या दर्जाशी निगडित असल्याचे २००४ च्या संशोधनात दिसले. स्त्रीबीजाला धक्का न लावता त्याची पारख होऊ शकेल, ही आशा मोठीच आहे. पण पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. खात्रीची चाचणी अजून हाती आलेली नाही. दागिने मोडून उपचार घेणाऱ्या जोडप्यांना डॉक्टरांनी ही गोष्ट पैसे घेण्याआधीच, मराठीत समजावून सांगावी.

– एक वाचक, नाशिक