रविवारी जाऊन होण्यातलं काम नाही हे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

राजीनामा एक तारखेलाच दिला. फोनवर सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे टाळलं. सोळा तारखेपासून मी बालगृहात गृहपिता म्हणून, म्हणजे मुलांसोबत राहून त्यांना सांभाळायला, जातोय. बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, "शनिवार-रविवार जाऊन नाही का करता येत?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

स्टेशनवर एकटा सापडलेला मुलगा, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावा लागतो. समिती त्याला बालगृहात ठेवायचा आदेश देते. इथपर्यंत २०१५चा बाल न्याय कायदा आहे, मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे, रेल्वेचे पोलीस आहेत. खरी ओढाताण पुढे सुरू होते, आणि तीही रात्री.

कारण सोल्युशन. पंक्चरचं सोल्युशन नाहीतर थिनर फडक्यावर ओतून मुलं हुंगतात. त्यातल्या टोल्युइन नावाच्या रसायनानं भूक मरते, थंडी वाजत नाही. ते सुटलं की झोप उडते, चिडचिड होते, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन सोडवायला बदली गोळी मिळते, यावर तशी नाही. थोडं थोडं खाणं, भरपूर पाणी, दिवसभर दमवणारा खेळ आणि रात्री दोन वाजता जागा असलेला एक माणूस, एवढंच औषध. शिवाय नुकत्याच हुंगलेल्या मुलाच्या मागे कधी धावायचं नसतं. तो दचकला, जिवाच्या आकांतानं पळाला, तर हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी दगावू शकतो. लांबून हाक मारायची, बसायचं, वाट पाहायची. नवखा माणूस नेमका मायेपोटी धावतो.

रविवारी येणाऱ्यांचं आणखी एक. चार रविवार लळा लावायचा आणि पाचव्याला परीक्षा, लग्न, बदली. मुलगा विचारत काही नाही, पण पुढच्या माणसाशी बोलतही नाही. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं माझं मत झालंय. म्हणून तिथंच राहायचं.

आई, तुझी खरी काळजी मला ठाऊक आहे, खरूज. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, कमरेच्या नाडीखाली. रात्री लावून सकाळी आंघोळ, आठवड्यानं पुन्हा एकदा. एकाला झाली तरी खोलीतल्या सगळ्यांना त्याच रात्री, मलासुद्धा. लोक एकेकाला लावत बसतात आणि मग मलमाला नावं ठेवतात. चादरी-कपडे कढत पाण्यात. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून. नंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते. मी खाजवताना दिसलो तर लगेच रडायला लागू नकोस.

मला वेगळी खोली आहे. पंखा आहे, खिडकीला जाळी आहे, गिझरसुद्धा आहे. जेवण मुलांबरोबरच, वेळेवर. पगार कमी झालाय हे खरं, पण राहण्या-जेवणाचा खर्च नाही, आणि तुमच्या विम्याचा वर्षाचा हप्ता मी भरून टाकलाय.

नवीन मुलगा पोळ्या उशीखाली लपवतो. त्याला रागावायचं नसतं. टोपलीत पोळ्या उघड्या ठेवायच्या, न विचारता घेता येतील अशा. उद्याही असणार आहेत याची खात्री पटली की लपवणं आपोआप थांबतं. आई, तुझ्या त्या फडताळातल्या लाडवाच्या डब्याला कधी कुलूप नव्हतं, ते आठवतं मला.

आणि घरी पाठवायची घाई करायची नसते. नाव खोटं सांगतात, गाव खोटं सांगतात. मग शेतात काय पेरता, एसटी कुठं थांबते, जत्रा कुठल्या देवाची, असं विचारत विचारत गाव शोधायचं. सापडलं तरी आधी घरी जाऊन बघायचं, हा घरातून का निघाला? मार, बापाची दारू, शाळेचा धाक. ते तसंच ठेवून पोचवला, तर तोच मुलगा पुन्हा मनमाडला नाहीतर भुसावळला उतरतो. घरातून पळून गेलेले अण्णाकाका परत आले तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले, विचारलं मात्र कुणी नाही. बाबा, हे आजीला दोष द्यायला लिहीत नाही. तिला जमेल तेवढं तिनं केलं, आणि तुम्ही तर शाळेत होतात.

आता ऐका. भेटायला याल तेव्हा खाऊ परस्पर वाटायचा नाही, अधीक्षकांकडे द्यायचा. 'बिचारा' म्हणायचं नाही. 'आई-बाबा काय करतात' विचारायचं नाही. मुलांचे फोटो बिलकुल काढायचे नाहीत. ओळख उघड करणं त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामीला हे तुम्हीच सांगा, माझं ती ऐकणार नाही. जुने कपडे गोळा करू नका. द्यायचंच असेल तर नव्या चड्ड्या-बनियन, ६० ते ७५ सेंमीच्या, आणि प्रत्येकावर रंगीत दोऱ्याची वेगळी खूण. एकमेकांचे घातले की गजकर्ण पसरतं. आई, खुणा तू शिव, पण खुर्चीत बसून. गुडघे मोडून जमिनीवर बसायचं नाही.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आठवड्याच्या डबीत रविवारी भरून ठेवा आणि मला फोटो पाठवा. तो फोटो चालेल.

रात्री साडेआठ ते दहा फोन करू नका, ती मुलांची झोपायची वेळ. साडेदहाला मीच करीन. तू झोप म्हटलं तरी जागी असणार आहेस, आई, तर निदान पाय वर घेऊन बस.

तुमचा,
बंडू