तेल म्हणजे पाणी नव्हे

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. "रोज रात्री तेल चोळतोय, तरी नडगीवर नख ओढलं की खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते," हे वाचून हसूच आलं. दोन वर्षांपूर्वी माझ्याही नडग्यांची अशीच पाटी झाली होती. आता मी हसतोय, पण तेव्हा रात्री झोपेत खाजवून खाजवून पाय लाल करून घ्यायचो.

तू तेल लावतोस कधी? झोपताना, म्हणजे अंग खडखडीत वाळल्यावर. तिथंच घोडं पेंड खातंय. अरे, तेलात पाण्याचा टिपूसही नसतो. कातडी कोरडी पडते ती पाणी कमी पडल्यामुळे, आणि तेल ते पाणी देत नाही, फक्त असलेलं उडू देत नाही. तू रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवून बसला आहेस. अगदीच वाया जातं असं नाही, कारण आतून थोडं थोडं पाणी सतत वर झिरपत असतं आणि तेलाखाली ते अडतं. पण त्यात वेळ जातो, आणि तोवर आपण कंटाळून बाटली बदलतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर किती पातळ असतो ठाऊक आहे? नडगीवर जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग, कधी त्याहूनही कमी. मेलेल्या, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा गिलावा: सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड. कडकडीत पाणी आणि साबण हा गिलावाच धुऊन नेतात. शिवाय त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, तिचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५, आणि साध्या साबणाचा ९-१०. म्हणजे रोज सकाळी आपणच भिंत खरवडायची आणि रात्री तिला तेल पाजायचं! सांधे उघडे पडले की पेशींच्या कडा उचलल्या जातात. तुझी ती पांढरी रेघ म्हणजे या सुटलेल्या कडाच.

मॉइश्चरायझरची ट्यूब घेशील तेव्हा पुढची चित्रं सोडून मागची बारीक अक्षरं वाच. घटक सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ग्लिसरीन वरच्या चार-पाचांत दिसलं तर ठीक, कारण ते पाणी धरून ठेवतं. युरियाही तेच करतो. ५ ते १० टक्के असला तर अंगाला पुरे, त्याहून जास्त प्रमाणातला जाड टाचांसाठी ठेव, कारण तिथे तो घट्ट कातडी सैल करतो. भेगेवर लागला तर असा झोंबतो की विचारू नकोस. झाकणाचं काम मात्र पेट्रोलियम जेलीइतकं चोख कोणी करत नाही. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. तेलविहिरींवरचे कामगार यंत्राच्या दांड्यांवर जमणारं मेण भाजल्या-कापल्यावर लावायचे, तिथून त्याला ते सुचलं. दिसायला ओशट, पण दीडशे वर्षं टिकून आहे.

आता तेलं. इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे. 'नैसर्गिक म्हणजे चांगलंच' असं धरून मी महिनाभर ऑलिव्ह तेल चोळलं आणि कातडी आणखी चिडली. पुढे २०१३ सालचा एक छोटा अभ्यास वाचनात आला. त्यात काही जणांच्या एका हातावर ऑलिव्हचं आणि दुसऱ्यावर सूर्यफुलाचं तेल लावलं होतं, दिवसातून दोनदा सहा-सहा थेंब, चार आठवडे. ऑलिव्हच्या हातावरची भिंत कमजोर झाली, सूर्यफुलाच्या हातावरची शाबूत राहिली. ऑलिव्हमध्ये ओलेइक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड भरपूर, ते त्या गिलाव्याची बांधणी विस्कटतं. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक हे दुसरं फॅटी ॲसिड जास्त, आणि त्वचा ते सेरामाइड बनवताना वापरते. खोबरेल तेलाची पंचाईत नाही. कोरड्या त्वचेवर त्याची खनिज तेलाशी तुलना झाली तेव्हा दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. तुझ्या त्या सुगंधी तेलाला मात्र रजा दे. चिडलेल्या कातडीला वास नकोच, मग तो फुलांचा असला तरी.

तर आता असं कर. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता. टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, नुसतं टिप. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लाव, आणि नडगीवर वरून तेलाचे चार थेंब किंवा जेलीचा पातळ हात. तळपायाला लावलंस तर मोजे घालूनच ऊठ. मी न घालता उठलो आणि न्हाणीघराच्या दारात असा आपटलो की आठवडाभर त्वचेऐवजी कंबर चोळत होतो. आणि तेलकट झालेले कपडे घालून आगीजवळ जाऊ नकोस, ते चटकन पेटतात.

कातडीतून पाणी सुटलं, ती लाल आणि गरम झाली, किंवा खाजेने झोप उडाली तर मात्र माझं ऐकत बसू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. मधुमेह असेल तर टाचेची भेगही घरी निस्तरायची नाही. थायरॉइड मंदावला तरी कातडी अशीच सुकते, तेव्हा तपासून घे.

माझ्यावर विश्वास नसेलच तुझा, कधी होता? मग हे एकाच पायावर कर. दुसऱ्याला तुझं रात्रीचं तेल चालू दे. पंधरा दिवसांनी दोन्ही नडग्यांवर नख ओढ आणि काय उमटलं ते कळव.

तुझा,
अव्या