पंधराव्या वर्षी बर्फावर उतरलेला मुलगा

महोदय,

आपल्या क्रीडापानावर आइस हॉकीला सहसा जागा मिळत नाही. कॅनडात वाढणारा माझा भाचा या खेळासाठी पहाटे अंधारात उठतो, त्याच्यामुळे मी कॉनर बेडार्डचा खेळ पाहू लागलो.

१७ जुलै २००५ रोजी नॉर्थ व्हँकुव्हरला जन्मलेल्या कॉनरला २०२० मध्ये कुमार खेळाडूंच्या वेस्टर्न हॉकी लीगने खास अपवाद म्हणून पंधराव्या वर्षीच पूर्णवेळ खेळू दिले. त्या लीगमध्ये अशी परवानगी मिळालेला तो पहिलाच. याच लीगमधल्या रेजायना पॅट्स संघाकडून २०२२-२३ च्या हंगामात त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल केले! एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगचे संघ ज्यात नवे खेळाडू निवडतात, त्या २०२३ च्या ड्राफ्टमध्ये शिकागो ब्लॅकहॉक्स संघाने त्याला सर्वांत आधी निवडले.

मला मात्र गोलांपेक्षा जानेवारी २०२४ जास्त आठवतो. प्रतिस्पर्ध्याच्या धडकेने त्याचा जबडा मोडला. वय अठरा, संघ गुणतक्त्यात तळाशी आणि त्याच्याकडून अपेक्षा आभाळाएवढ्या. फेब्रुवारीत तो जबड्याला संरक्षक लावून परतला. त्या हंगामात ६८ सामन्यांत ६१ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना दिलेली साथ मिळून) मिळवून त्याने सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी पटकावली. पराभूत होत राहणाऱ्या संघात रोज त्याच जिद्दीने उतरणे मला या ट्रॉफीहून मोठे वाटते.

क्रिकेटवर माझेही प्रेम आहे. तरीही अशा खेळाडूंवर आठवड्यातून एखादा स्तंभ द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे