छताला स्प्रिंकलर आहे, पण पाइपात पाणी आहे का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या विश्रामबागेतली नवी संकुले, मिरजेतली रुग्णालये, कुपवाड एमआयडीसीतल्या शेड, सगळीकडे छताखाली लाल पाइप आणि आग लागल्यावर आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर दिसू लागले आहेत. पण एकदा अग्निसुरक्षेचा दाखला मिळाला की त्यांच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही. पाइपात दाबाखाली पाणी नसेल तर स्प्रिंकलर म्हणजे पितळेचा एक तुकडा, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज. सिनेमात एका खोलीत धूर झाला की सगळ्या मजल्यावर पाऊस पडतो, तसे प्रत्यक्षात होत नाही. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, फक्त उष्णता कळते. प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे पाइपाला लावलेल्या पाण्याच्या तोंडात, पेराएवढी काचेची नळी (बल्ब) असते, तिच्यात रंगीत द्रव आणि हवेचा बारीक बुडबुडा. तापल्यावर द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, जागा उरत नाही आणि काच फुटते. तिने दाबून धरलेले झाकण उडते आणि फक्त त्याच हेडमधून पाणी पडते. उदबत्तीने किंवा फोडणीच्या धुराने ते सुटत नाही. द्रवाचा रंग म्हणजे फुटण्याचे तापमान: नारिंगी 57 अंश, लाल 68, पिवळा 79, हिरवा 93. निवडताना त्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा साधारण 30 अंश जास्तीचा घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची हवा किती तापते हे शेडमध्ये काम करणाऱ्यांना सांगायला नको. तिथे सरसकट लाल बल्ब लावणे चूक आहे, पत्र्यालगत हिरवाच हवा.

आता पाण्याचा हिशोब. नेहमीच्या हेडमधून 1 बार दाबाला मिनिटाला 80 लिटर पाणी पडते. दाब अर्धा झाला तर 57 लिटर. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार. गच्चीवरची टाकी सर्वांत वरच्या मजल्याच्या छतापेक्षा 3 मीटरच उंच असेल, तर तिथे मिळतात जेमतेम 44 लिटर. दुकाने-गोदामांत एका हेडखाली 12 चौरस मीटर जागा धरली, तर मिनिटाला निदान 60 लिटर लागतात. म्हणजे नुसत्या टाकीवर भागत नाही, पंप लागतोच. चार हेड तासभर चालली तर 19,200 लिटर पाणी जाते. हे पाणी राखीव राहावे म्हणून वापराची लाइन टाकीच्या वरच्या भागातून आणि आगीची लाइन तळातून काढायची असते. अनेक सोसायट्यांत दोन्ही तळातूनच निघतात, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी आले नाही की आगीचे पाणी अंघोळीला जाते.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या गोदामांबद्दल विशेष सांगायचे आहे. पोत्यांची थप्पी पार छतापर्यंत रचली जाते. हेडखालच्या चकतीवर आदळून पाणी छत्रीसारखे पसरते, त्याला खाली किमान 50 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. थप्पी वर टेकली की छत्री उघडतच नाही, एका पोत्यावर धार पडते आणि पलीकडची रांग जळत राहते. 'पाण्याने माल भिजेल' ही व्यापाऱ्यांची भीती आम्ही समजतो. पण एक हेड सुटले तर मिनिटाला 80 लिटर, आणि आग वाढून अग्निशमन दलाची मोठी नळी सुरू झाली तर मिनिटाला शेकडो लिटर. जास्त माल कशाने भिजतो, हे उघड आहे.

बिघाड बहुतेक वेळा साध्याच गोष्टींत असतो. रंगारी हेडवरही ब्रश मारतो, मग काच वेळेवर तापत नाही. असे हेड खरवडून साफ करायचे नाही, बदलायचेच. फॉल्स सीलिंग करताना हेड आत झाकले जाते. गळती काढायला बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहतो. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. विजेच्या पंपाचे कनेक्शन इमारतीच्या मुख्य स्विचनंतर घेतलेले असते, म्हणजे आगीत वीज तोडली की पंपही बंद. आणि पंपाच्या पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर, हे तर सर्रास. जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे. पंप बंद करणे हा उपाय नव्हे, गळती शोधा.

सांगलीचा वेगळा प्रश्न पुराचा. 2005, 2019 आणि 2021 च्या पुराने तळघरे कुठे भरतात ते दाखवून दिले. तरीही पंप आणि पॅनेल तळघरातच बसवले जातात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाले की लोक गाड्या वर हलवतात, पंप मात्र तिथेच राहतो. बुडालेले पॅनेल वाळवून चालू करू नका, आधी इन्सुलेशन तपासून घ्या. डिझेलच्या टाकीत पाणी शिरले का तेही पाहा. नव्या इमारतींत पंपघर पूररेषेच्या वरच असावे, हा आग्रह महापालिकेच्या अग्निशमन विभागाने नकाशा मंजूर करतानाच धरावा अशी आमची विनंती आहे.

राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा 'बी' फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. एजन्सी तपासणीला येईल त्या दिवशी सोसायटीच्या सचिवांनी स्वतः उभे राहावे. सर्वांत लांबच्या टोकाला टेस्ट व्हॉल्व्ह असतो, तो उघडायला सांगा. त्यातून एका हेडइतके पाणी पडते. फार तर दीड मिनिटात घंटा वाजली पाहिजे, दाब उतरताच आधी जॉकी आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. मुख्य पंप आपोआप थांबता कामा नये, तो हातानेच बंद करायचा असतो. सुरुवातीला काळपट, गंजाचे पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत सोडा. शेवटी व्हॉल्व्ह आणि स्विच जागच्या जागी आहेत ते बघूनच कागद हातात घ्या.

बंगल्यातही स्प्रिंकलर बसवता येतो. दोन हेड दहा मिनिटे चालवायला 1,200 लिटर राखीव पाणी लागते, आणि एका हेडला तासाला 3,600 लिटर देणारा पंप. घरच्या पंपावरची पाटी वाचून पाहा, बहुतेक ठिकाणी तो पुरणार नाही. कढईतल्या पेटत्या तेलावर मात्र पाणी कधीच नको. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. हॉटेलच्या भट्टीवर त्यासाठी वेगळी रासायनिक यंत्रणा लागते.

इमारतीच्या दर्शनी भागात दलाच्या गाडीची नळी जोडायचे लाल तोंड असते. सध्या त्याच्यापुढे दुचाकी उभ्या असतात, त्या आजच हलवाव्यात.

आपले,
अग्निसुरक्षा यंत्रणांची देखभाल करणारे तंत्रज्ञ,
सांगली-मिरज