एका घरात दोन कारभारी राउटर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरातल्या एखाद्या खोलीत वाय-फायची रेंज येत नाही, अशी तक्रार केली की समोरून हमखास एकच सल्ला मिळतो : मेश घ्या. मेश म्हणजे एकच वाय-फाय घरभर पसरवणारा अनेक यंत्रांचा संच. हा सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धवट आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. सेवा पुरवठादाराने बसवून दिलेला राउटर तसाच चालू ठेवून त्याच्या मागे नवी मेश जोडली, की घरात एकाच वेळी दोन नेटवर्क उभी राहतात. मग बल्ब, प्लग, कॅमेरा, प्रिंटर यांपैकी कोण कोणत्या नेटवर्कवर बसले आहे, हे घरच्यांना कळेनासे होते. दोष उपकरणांच्या माथी मारला जातो, ती परत केली जातात किंवा बदलली जातात, आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. हे आमच्या घरात घडले, आणि ते ज्या माणसाच्या बाबतीत घडले तिच्यासाठी ती किरकोळ गैरसोय नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या आईला रात्री दोन-तीनदा उठावे लागते. तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात आम्ही हालचाल टिपणारा सेन्सर आणि दोन स्मार्ट बल्ब लावले, म्हणजे तिने पाऊल बाहेर टाकताच उजेड व्हावा. बोळात सिग्नल क्षीण होता, म्हणून तीन नोडची, म्हणजे तीन यंत्रांची, मेश आणली आणि सेन्सरचा हब, म्हणजे सेन्सरचा इशारा घेऊन बल्ब लावणारे यंत्र, मेशच्या मुख्य नोडला केबलने जोडला. बल्ब पुन्हा नव्याने जोडावे लागू नयेत यासाठी मेशला जुन्या राउटरचेच नाव आणि तोच पासवर्ड दिला. हा उपाय सगळीकडे सुचवला जातो आणि एरवी तो उत्तम आहे. काही दिवस सारे सुरळीत चालले. मग एका रात्री थोडा वेळ वीज जाऊन आली, आणि त्यानंतर आई उठली तेव्हा दिवे लागले नाहीत. वीज आल्यावर बल्ब बंदच राहावेत, असे आम्हीच ॲपमध्ये ठरवलेले होते. ती अंधारात भिंत चाचपत गेली आणि तशीच परत आली. सकाळी विचारल्यावर तिने सांगितले. ॲपमध्ये दोन्ही बल्बांपुढे ‘प्रतिसाद नाही’ असे दिसत होते, आणि त्याच बोळात उभे राहून माझ्या मोबाइलवर मात्र व्हिडिओ विनासायास चालत होता.

मदत केंद्राला फोन केला. बल्ब रिसेट करा, असे सांगण्यात आले. केले, आणि ते चालू झाले, त्यामुळे बल्बच बिघडले होते अशी आमचीही खात्री पटली. पुढच्या वेळी वीज गेली आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेला मी रिसेट न करता आधी जुन्या राउटरचे पान उघडून त्याला जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. दोन्ही बल्ब तिथे निवांत बसलेले होते. त्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते. मेशवरच्या हबचा पत्ता मात्र १९२.१६८.६८ ने सुरू होत होता. वीज परत आल्यावर जुना राउटर आधी सुरू होतो आणि मेशच्या नोडना एकमेकांना शोधून उभे राहायला काही मिनिटे जास्त लागतात. तेवढ्या वेळात बल्बांना ओळखीचे नाव आणि ओळखीचा पासवर्ड असलेले एकच वाय-फाय सापडले, आणि ते त्यालाच चिकटले. अशी छोटी उपकरणे एकदा जोडली गेली की जोडणी तुटेपर्यंत सहसा दुसरीकडे पाहत नाहीत.

आता हे दोन पत्ते वेगळे असल्याने काय बिघडते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण निम्म्याहून अधिक गोंधळाचे मूळ मला इथेच दिसते. राउटर फक्त सिग्नल फेकत नाही. तो घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो आणि आतली सगळी वर्दळ आपल्या एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवतो. एकामागे एक असे दोन राउटर हेच काम करू लागले, की घरात दोन कारभारी होतात. बाहेर जाणारी वाट दोघांतूनही मोकळी असते, त्यामुळे इंटरनेट चालते आणि कोणाला काही संशय येत नाही. परंतु हब बल्बला, मोबाइल टीव्हीला किंवा संगणक प्रिंटरला शोधतो तेव्हा तो साऱ्या नेटवर्कला उद्देशून एक हाक देतो, आणि ही हाक राउटरच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही. हब एका बाजूला आणि बल्ब दुसऱ्या बाजूला असेल तर दोघेही धडधाकट असून एकमेकांना दिसत नाहीत. म्हणूनच ‘नेट तर चालू आहे’ या एका वाक्यावर तक्रार निकालात काढणे चुकीचे आहे.

आपल्या घरी असे आहे का, हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. मेशला जोडलेल्या संगणकावरून कोणत्याही संकेतस्थळापर्यंतचा मार्ग दाखवणारी ट्रेसराउट ही आज्ञा द्यावी आणि पहिल्या दोन ओळी पाहाव्यात. दोन्ही पत्ते १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असतील, अथवा १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले असतील, तर बहुतेक वेळा घरातच दोन राउटर पत्ते वाटत आहेत असे समजावे. हे पत्ते खासगी वापरासाठी १९९६ पासून राखीव आहेत. दुसरी ओळ १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातली असेल तर ती सेवा पुरवठादाराकडची व्यवस्था असते, घरातला दोष नव्हे. संगणक नसेल तर मोबाइल आणि अडलेले उपकरण या दोघांचे पत्ते त्यांच्या सेटिंगमध्ये पाहून ताडून घ्यावेत. घरगुती नेटवर्कमध्ये ठिपक्यांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांपैकी सहसा पहिले तीन जुळले पाहिजेत.

उपाय दोनच आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. एक तर सेवा पुरवठादाराचा राउटर ब्रिज मोडमध्ये टाकावा, म्हणजे तो कारभार सोडून देतो आणि मेश एकटी राउटर म्हणून उरते. नाही तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावी, म्हणजे पत्ते जुनाच राउटर वाटतो आणि मेश फक्त वाय-फाय पसरवते. त्याच राउटरवर घरातला फोन किंवा टीव्ही चालत असेल, किंवा ब्रिज मोड पुरवठादाराने कुलूपबंद ठेवला असेल, तर दुसरा मार्ग धरावा. आम्ही तोच धरला. त्यात मेशच्या ॲपमधल्या मुलांसाठीच्या वेळमर्यादेसारख्या काही सोयी बंद पडू शकतात, हे आधी माहीत असलेले बरे. मार्ग कोणताही घेतला तरी जुन्या राउटरचे स्वतःचे वाय-फाय बंद करायला विसरू नये; ते चालू राहिले तर नेटवर्क एक होऊनही उपकरणे कोपऱ्यातल्या क्षीण सिग्नलला लटकून राहतात.

घरात पडून असलेला आणखी एखादा जुना राउटर मेशच्या जोडीला लावण्याचा मोह बहुतेकांना होतो. तोही लावता येतो. मात्र त्याचे पत्ते वाटणे बंद करून, आणि त्याला ॲक्सेस पॉइंट मोड नसेल तर केबल इंटरनेटच्या नव्हे, लॅनच्या (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये घालून. एवढे करूनही तो मेशचा नोड होत नाही, हे ध्यानात ठेवावे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरनी मिळून एक मेश करावी यासाठी वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश हे प्रमाणपत्र सुरू केले, पण ते बाजारातल्या सगळ्या उपकरणांकडे नाही; दोन्ही खोक्यांवर तो उल्लेख असला तरच आशा धरावी. एकाला केबलने आणि वाय-फायने असे दोन्हीकडून जोडून फेरा तयार होणार नाही, याचीही काळजी घ्यावी. फेरा तोडण्याची सोय नसलेल्या उपकरणांत तसे झाले तर सगळे घर ठप्प होते.

दुसरे मोठे दुखणे वाय-फायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्याचे आहे. बहुसंख्य स्मार्ट बल्ब आणि प्लग याच पट्ट्यावर चालतात, तर मोबाइल जवळ असताना ५ गिगाहर्ट्झ पसंत करतो, आणि मेश दोन्हींना एकच नाव देते. त्यामुळे नवा बल्ब जोडताना ॲप मोबाइल ज्या पट्ट्यावर आहे त्यावरच बल्बला शोधत बसते आणि शेवटी ‘जोडणी अयशस्वी’ एवढेच सांगते. मेशच्या ॲपमध्ये स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे नाव देण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर जोडणीपुरते ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवावे. तेही जमत नसेल, तर नोडपासून लांब जाऊन मोबाइल आपोआप २.४ वर उतरू द्यावा. सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए३ असा ठेवला तर जुनी उपकरणे बहुधा जोडलीच जात नाहीत, कारण हा प्रकार २०१८ चा आहे. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडावा, आणि त्यावरही एखादे अडून बसले तर निव्वळ डब्ल्यूपीए२. मोबाइलला एका नोडवरून दुसऱ्यावर झटकन नेण्यासाठी जी ८०२.११आर ही सोय असते, तीही काही जुन्या उपकरणांना मानवत नाही. ती बंद केल्याने घरात फिरताना फारसा फरक जाणवत नाही, कारण नोड बदलायचा की नाही हे शेवटी मोबाइलच ठरवतो.

याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर झिगबी या वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीची उपकरणेही बोलतात, आणि दोघांची एकमेकांना अडचण होते. आमचा सेन्सर झिगबीचा, आणि त्याचा हब मी नीटनेटकेपणासाठी मेशच्या नोडला अगदी खेटून ठेवला होता. तो एका लांब केबलने हातभर दूर नेल्यावर सेन्सरचे अधूनमधून चुकणे थांबले. २.४ गिगाहर्ट्झवर वाय-फायचे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल (पट्ट्याचे भाग) एकमेकांवर न चढता चालतात, तेव्हा चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवून यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा.

नोडच्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो. जिथे रेंज नाही तिथे नोड ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. नोडलाच धड सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? मुख्य नोड आणि रेंज नसलेली खोली यांच्या मध्यावर तो असावा. जिथे केबल नेता येते तिथे ती न्यावीच, कारण दोनच पट्ट्यांच्या मेशमध्ये नोड ज्या पट्ट्यावर घेतो त्याच पट्ट्यावर पुढे देत असेल तर वेग साधारण निम्म्यावर येतो.

एक जुना सल्ला मात्र आता मोडीत काढायला हवा : काही अडले की आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, बंद करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले मॅटर हे स्मार्ट उपकरणांचे मानक आयपीव्ही६ वरच उभे आहे, आणि आयपीव्ही६ बंद केले की नवी उपकरणे काही कारण न देता गप्प होऊ शकतात. तसेच सुरक्षिततेसाठी बल्ब पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकण्याचा विचार स्तुत्य असला, तरी ते नेटवर्क सहसा मुख्य नेटवर्कपासून तोडलेले असते, आणि हब पलीकडे असेल तर पुन्हा हाक न पोहोचण्याचा तोच प्रश्न उभा राहतो.

या साऱ्यात माझी तक्रार उपकरणांविषयी नाही, ती सांगण्याच्या पद्धतीविषयी आहे. जोडणी करायला येणाऱ्या माणसाने ‘तुमच्याकडे दुसरा राउटर आहे का’ हा एक प्रश्न विचारला, राउटरच्या पानाचा पासवर्ड घरच्यांच्या हाती दिला आणि ब्रिज मोड मिळतो की नाही हे लिहून दिले, तर कित्येक घरांतला मनस्ताप वाचेल. उत्पादकांनी ‘फक्त २.४ गिगाहर्ट्झ’ ही ओळ खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत न छापता पुढे छापावी. मदत केंद्रांनी रिसेट हा पहिला उपाय म्हणून सांगणे थांबवावे, कारण रिसेटने खूण पुसली जाते आणि बिघाड मागे राहतो. आमच्या घरी दोनदा तसेच झाले. आपल्या दैनिकाने तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या उपकरणांच्या ओळखीबरोबर ती जुन्यांशी कशी जुळवावीत यालाही नियमित जागा द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून जुन्या राउटरचे वाय-फाय बंद केल्यानंतर अनेकदा वीज जाऊन आली, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बल्ब आपले आपण हबला सापडले. नोड उभे राहीपर्यंतची चार-पाच मिनिटे मात्र बोळात अंधार असतो. तेवढ्यासाठी आईच्या दाराशी बॅटरीवर चालणारा एक साधा दिवा लावला आहे.

आपला,
एक वाचक