नळ्या बंद आहेत, पण नेमक्या कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मूल होण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याच्या हाती ‘दोन्ही गर्भनलिका बंद’ असा अहवाल पडला की त्यांना तो अखेरचा निकाल वाटतो. मग कोणी घाईघाईने मोठ्या उपचारांकडे वळते, तर कोणी नळ्या उघडण्याची हमी देणाऱ्या तेला-काढ्यांच्या जाहिरातींच्या नादी लागते. स्त्रीरोग विभागात परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे ही घालमेल मी जवळून पाहिली आहे. नळी बंद आहे हे कळण्याइतकेच ती कुठे आणि कशामुळे बंद आहे हे कळणे आवश्यक असते आणि नेमकी तीच चौकशी अनेकदा राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गर्भनलिका जेमतेम १० ते १२ सेंटिमीटर लांबीची असते आणि गर्भाशयाला जिथे जोडलेली असते तिथे तिची पोकळी फारच अरुंद असते. एचएसजी तपासणीत पाळी थांबल्यावर, स्त्रीबीज सुटण्यापूर्वीच्या दिवसांत गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. औषध नळीच्या टोकातून पोटात सांडलेले दिसले, तर नळी मोकळी असते. मात्र गर्भाशयालगत ते अडलेले दिसले तर लगेच धीर सोडू नये, कारण तपासणीच्या वेळी तिथले स्नायू आवळले गेल्यामुळे किंवा चिकट स्रावाचा बोळा अडकल्यामुळे चांगली नळीही बंद दिसू शकते. अशा वेळी तपासणी पुन्हा करणे किंवा गर्भाशयात निळे औषध सोडून ते नळीतून बाहेर येते का हे पोटात घातलेल्या दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहणे, हे मार्ग उपलब्ध असतात. अडथळा खरा निघाला तरी काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मार्गाने बारीक तार आणि नळी आत सरकवून तो दूर करता येतो. एकच नळी बंद असेल, तर दुसऱ्या चांगल्या नळीतून नैसर्गिकरीत्या दिवस राहू शकतात, हेही जोडप्याला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

अंडाशयाकडचे टोक चिकटून नळीत पाणी साठले असेल, तर प्रश्न अधिक अवघड होतो. आजार सौम्य आणि स्त्रीचे वय कमी असेल तर दुर्बिणीतून ते टोक मोकळे करता येते, पण नळी पुन्हा बंद होण्याची शक्यता राहते. शिवाय नळीच्या आतल्या अस्तरावर जे सूक्ष्म केस असतात आणि जे गर्भाला गर्भाशयाकडे नेतात, ते एकदा नष्ट झाले की शस्त्रक्रियेने परत येत नाहीत. म्हणूनच अशा स्त्रीला दिवस गेल्यास गर्भ नळीतच राहण्याचा धोका वाढतो. पाळी चुकल्यावर लवकर सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री केलीच पाहिजे, कारण नळी फुटून होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

नळी फारच खराब झाली असेल तर आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचा, सल्ला दिला जातो. पण त्याआधी पाण्याने फुगलेली नळी काढून टाकावी किंवा गर्भाशयालगत बांधून बंद करावी, असे डॉक्टर सांगतात तेव्हा स्त्रिया हादरतात. मूल हवे म्हणून आलो आणि नळीच काढायची म्हणतात, हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकले आहे! त्यामागचे कारण असे की, ते साठलेले पाणी गर्भाशयात झिरपते आणि गर्भ रुजण्यात अडथळा आणते. तशीच नळी ठेवून आयव्हीएफ केले तर यशाची शक्यता सुमारे निम्म्याने घटते. हे कारण शांतपणे बसून सांगितले तर बहुतेकींना पटते. ते सांगायला पाच मिनिटे काढली जात नाहीत, याचेच मला वाईट वाटते.

नळ्या खराब होण्यामागे क्लॅमिडिया व गोनोरियासारखे लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग, क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), पोटातली जुनी शस्त्रक्रिया किंवा फुटलेले अपेंडिक्स अशी कारणे असतात. क्लॅमिडिया तर पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता नुकसान करतो, आणि त्याच्या उपचारात पतीलाही औषध द्यावे लागते. औषधांनी जंतू मरतात, मात्र जुने व्रण आणि चिकटलेले पदर विरघळत नाहीत. मग पोटावर तेल चोळून किंवा काढा पिऊन ते कसे विरघळणार?

२५ जुलै १९७८ रोजी जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्याच्या आईच्याही गर्भनलिका बंद होत्या. आयव्हीएफ ही पद्धत मुळात अशाच स्त्रियांसाठी पुढे आली. परंतु तिचे यश स्त्रीच्या वयावर फार अवलंबून असते, आणि पस्तिशीनंतर तर निष्फळ औषधांत गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो. पतीची वीर्यतपासणीही सुरुवातीलाच व्हावी, कारण शस्त्रक्रिया की आयव्हीएफ, हा निर्णय त्या अहवालाशिवाय घेता येत नाही.

नळ्या उघडून देण्याचा दावा करणारी जाहिरात छापण्यापूर्वी आपण जाहिरातदाराकडे वैद्यकीय पुरावा मागावा आणि तो नसल्यास ती नाकारावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका